ब आणि स

तारीख ९ फेब्रुवारी १९९२, रविवार. रक्कम रोख तीनशे चाळीस रुपये. हजर: मी, तुझी बहीण सुमन, तू, आणि उल्हासनगर कॅम्प दोनमधला रेडिओ दुरुस्त करणारा किशनचंद. घेतलेली वस्तू: एक चष्मा, बिनकाचांचा.

वसंता, मी सुरुवात अशीच करणार हे तू ओळखलं असशील. "दाजींना ताट वाढलं तर आधी तारीख टाकतील, मग भात कालवतील," असं तू तुझ्या बायकोला, मंदाला सांगायचास, आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायचास. तू जाऊन आठवडा झाला. बायका रडतात, माणसं येऊन तुझ्या टेम्पोच्या गोष्टी काढतात. दुःखाचं काय करायचं ते त्यांना कळतं. मला भीती वाटते आहे, आणि भीतीचं कोणापाशी बोलावं ते कळत नाही. म्हणून तुझ्यापाशी बोलतो.

आधीची भीती आधी सांगतो, कारण ती साधी होती. तू कॅम्पातलं फर्निचर भरून नाशिकला न्यायचास. एकदा मी परत येताना तुझ्या शेजारी बसलो. इगतपुरीला आपण जेवलो आणि कसारा घाट उतरायला लागलो. मी तुला घराच्या कर्जाचं काहीतरी सांगत होतो. तू मधूनमधून "हं" म्हणत होतास. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी गप्प झालो तरी तू "हं" म्हणतो आहेस. मी तुझ्याकडे पाहिलं. डोळे सताड उघडे, समोर रस्त्यावर. पापणी हलत नव्हती.

"वसंता, माझं नाव काय?"

"हं."

मी तुझा दंड धरला. तू दचकलास, गाडी कडेला गेली, पुन्हा सरळ झाली. तू हसलास. "झोपलो नव्हतो दाजी. डोळे उघडे व्हते ना?"

डोळे उघडे होते, हेच मला पुढे कित्येक दिवस दिसत राहिलं.

घरी आल्यावर मी सुमनला अर्धंच सांगितलं, तरी तिला पुरलं. त्या काळात मी ऐकलं होतं की कॅम्पात एक जण ड्रायव्हर लोकांसाठी चष्मा बनवतो. चौकटीच्या कडेला एक बारका दिवा, ज्याचा उजेड आपल्याला दिसत नाही. तो डोळ्यावर पडून परत फिरतो. पापणी मिटली की परत फिरणारा उजेड बदलतो आणि खिशातल्या डबीतून आवाज येतो. म्हणून त्या रविवारी आपण किशनचंदकडे गेलो. तुला वडे खायला नेतो असं सांगून नेलं होतं, ते तू शेवटपर्यंत विसरला नाहीस.

"आँख खुली, तो चुप," किशनचंद म्हणाला. "आँख बंद, एक, दो..." आणि डबी किरकिरली.

तू विचारलंस, "आन शिंक आली तर?"

"छींक में दो सेकंद लगता है क्या तेरे को?"

"मना नाय. माज्या सासऱ्याला लागतात."

सगळे हसले. मी घड्याळ लावून पाहिलं. दोन नव्हे, अडीच सेकंद लागत होते. मी म्हटलं, ताशी चाळीसच्या वेगाने गाडी अडीच सेकंदांत अठ्ठावीस मीटर जाते, आणि घाटातलं वळण त्याहून जवळ असतं. किशनचंदने माझ्याकडे पाहिलं. "भाईसाब, आँख का मामला है, गारंटी ऊपरवाला देगा. मैं बैटरी बदल के दूँगा."

तू तो चष्मा दोनदा घातलास. मग तो टेम्पोच्या आरशाला लिंबू-मिरचीशेजारी लटकायला लागला. मी रागावलो. तेव्हा तू म्हणालास, "तुमीच सांगता, मी डोळे उघडे ठेवून झोपतो. मंग पापन्या मोजून ह्यो काय करनार?"

त्यानंतर मी तुझ्याकडे बदलापूरला आलो की तू मला खुर्ची द्यायचास, "बसा दाजी" म्हणायचास, आणि मी विषय काढला की भिंतीला टेकून डोळे मिटायचास. "झोप आली दाजी." मंदा पदरात हसायची.

आम्ही सगळे घाटाला घाबरत राहिलो आणि तू सकाळी अंघोळ करताना मोरीत पडलास.

मेंदूचा झटका आला होता. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तू श्वासाच्या मशीनवर होतास. घशात नळी, नाकात नळी, आणि डोळे उघडे. तिथल्या एका तरुण डॉक्टरने आम्हाला समजावलं, डोळे उघडे आहेत त्यावर जाऊ नका, यांना कळत काही नाही. मला कसाऱ्याचा घाट आठवला आणि मी त्यांचं खरं मानलं. मंदाने मानलं नाही. ती म्हणाली, "दाजी, तुमी बोला त्याच्याशी." मी पलंगाशी उभा राहिलो. काय बोलावं सुचेना, तेव्हा तोंडातून तेच निघालं, "वसंता, मी तुला किती वेळा सांगितलं होतं..."

तू डोळे मिटलेस.

मी थांबलो. तू उघडलेस. मी पुन्हा म्हटलं, "तो चष्मा..." तू पुन्हा मिटलेस. मंदा एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. "बगा! तुमचं भाषान चालू झालं की ह्याला झोप येते!"

तो आनंद मी विसरणार नाही. पण त्या दिवशी घरी जाताना एक गोष्ट लक्षात आली, ती तुला कधी सांगितली नाही. याचा अर्थ, आम्ही तुझ्या उशाशी जे जे बोललो होतो, खर्चाचं, पोरांना वांगणीला ठेवायचं, "सुटला तर बरं" असं एक नातेवाईक म्हणाला ते, ते सगळं तू ऐकलं होतंस.

मशीन सुटलं, नाकातली नळी राहिली, आणि तुला घरी आणलं. मान हलत नव्हती, बोट हलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, परदेशात कॅमेरा डोळ्याची बुबुळं कुठे वळतात ते बघतो आणि कॉम्प्युटर त्यावरून अक्षरं उठवतो. मी किंमत विचारली. ते नुसते हसले, वाईट अर्थाने नव्हे. मग मी टेम्पोच्या आरशावरून तो चष्मा काढून आणला.

तुला कळायचं, पण तुझ्या पापण्या आपोआपही फडफडायच्या. नुसती पापणी की होकार, यावर मंदा आणि सुमन भांडायच्या. चष्म्याने भांडण मिटवलं. डोळे मिटून धरलेस आणि आवाज आला, तर तो होकार. पोरांनी त्या आवाजाला रातकिडा नाव दिलं.

अक्षरांची पद्धत माझी. मी ओळी म्हणायचो: क ची ओळ, च ची ओळ, ट ची, त ची, प ची, पुढे य र ल व, पुढे श ष स, शेवटी ह ळ क्ष ज्ञ. हवी ती ओळ आली की रातकिडा. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर, आणि हव्या त्यावर पुन्हा रातकिडा. तू चौथीपर्यंतच शिकलेला, पण हे सगळं तुला पाठ होतं. काना, मात्रा, वेलांटी मी गाळली. सगळी अक्षरं छत्तीस. बाराखडी धरली तर चारशे बत्तीस. एकेका शब्दाला तू दमून गेला असतास. माझा हिशोब बरोबर होता असं मला तेव्हा वाटलं, आणि हिशोब म्हणून तो बरोबरच आहे.

त्याने काय होतं ते तुझ्या वांगणीच्या मामाने दाखवलं. मामा पलंगाशी बसून बांधाच्या तंट्याचं सांगत होता. तू एकसारखा डोळे मिटायला लागलास. मी ओळी म्हटल्या. न. क.

"नाक!" सुमन म्हणाली. "नळी टोचत असेल."

तिने नळीची चिकटपट्टी सैल केली, नाक पुसलं, खाजवलं. तू पुन्हा तेच. न, क. पुन्हा खाजवलं. मामाचा बांध चालूच. शेवटी मंदा पीठ मळता मळता बाहेर आली, तिने तुझ्या डोळ्यांकडे पाहिलं, मग मामाकडे. "वन्सं, नाक नाय. नको! नको म्हनतोय तो!" मामा उठून चहा प्यायला गेला आणि तुझे डोळे असे झाले की तू हसतोस हे शेजाऱ्यांनाही कळलं असतं.

मी तेव्हा हसलो. आता तीच गोष्ट मला घाबरवते.

त्या रातकिड्याचं भय तुझ्या घरात भिनलं होतं, वसंता. तो वाजला म्हणजे तू हाक मारलीस, किंवा तुझा डोळा लागला. आणखी एक तिसरी शक्यता होती, ती कोणी बोलत नव्हतं, पण आवाज झाला की सगळे धावायचे ते त्या तिसरीसाठी. तू झोपावंस म्हणून चष्मा काढला, तर तुला हाक मारता येणार नाही. चष्मा काढायला हात पुढे केला की तुझे डोळे मोठे व्हायचे. बुडणाऱ्या माणसाच्या हातातली दोरी काढावी तसं वाटायचं.

मग काही दिवस रातकिडा वाजेनासा झाला. आम्हाला वाटलं तुला बरं वाटतं आहे. तुझे डोळे लाल दिसत होते. मी विचारलं, झोप का येत नाही? तू सांगितलंस: प, र. मग झ, प, त, त. मंदाने लगेच जुळवलं. पोरं झोपतात.

तू झोपलास की रातकिडा वाजणार आणि पोरं उठणार. मोठीची परीक्षा होती. म्हणून तू डोळे उघडे धरून पडत होतास. ज्या माणसाला घाटात जागं राहता आलं नाही, तो हलताही येत नसताना पोरांसाठी जागा राहत होता. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तुझे आभार मानायला हवे होते, निदान तुझं कौतुक. मी आत आलो आणि म्हणालो, डबीवर कापड गुंडाळू, आवाज कमी होईल. माझं प्रेम हे असं कापड गुंडाळायच्या रूपातच बाहेर येतं. तुला ते कळत होतं असं मी धरून चालतो.

आता मागचा मंगळवार. तुझ्या छातीत आधीपासून घरघर होती, दुपारी ओठ निळसर झाले. आपले बदलापूरचे डॉक्टर येऊन म्हणाले, मुंबईला न्या, गळ्याला भोक पाडून पुन्हा मशीनला जोडतील. नेलं तर महिने निघतील, कदाचित मशीनवरच. नाही नेलं तर आज, उद्या. अंबरनाथहून अँब्युलन्स बोलावली. ती दारात येऊन उभी राहिली, इंजिन चालूच.

'मशीन' हा शब्द नुसता निघाला तरी तुझे डोळे फिरायचे, हे आम्हाला माहीत होतं. पण फिरणारे डोळे म्हणजे शब्द नव्हे. मंदा म्हणाली, "दाजी, माज्याच्यानं नाय होनार. तुमी इचारा त्याला. तो सांगंल ते करू."

मी चष्मा नीट बसवला. उभ्यानेच ओळी म्हणायला लागलो. प च्या ओळीला रातकिडा. प, फ, ब. रातकिडा. ब. पुन्हा पहिल्यापासून. श ष स ला रातकिडा. शेवटच्या अक्षराला रातकिडा. स.

पुढच्या अक्षरासाठी मी पुन्हा सगळ्या ओळी म्हटल्या. आवाज नाही. पुन्हा म्हटल्या. नाही. तू माझ्याकडे बघत होतास.

सुमनने तोंडावर हात ठेवला. "बस म्हणतोय. पुरे म्हणतोय माझा भाऊ."

"नाय वन्सं," मंदा म्हणाली. "बसा म्हनतोय. दाजी उबे हायत म्हनून. दाजी आले की तो आधी बसाच म्हनतो."

दारातून ड्रायव्हरने विचारलं, "न्यायचं ना साहेब?"

वसंता, इथेच माझी भीती आहे. ती काल गेली नाही, उद्याही जाणार नाही. 'बस' असेल, तर तू थांबायचं ठरवलं होतंस आणि आम्ही तुझं ऐकलं. पण तू मला जन्मात कधी नुसतं 'बस' म्हटलं नव्हतंस, 'बस करा' म्हटलं असतंस. तू कायम अहो-जाहो करायचास. 'बसा' असेल, तर तो निरोप नव्हताच. तुझं खरं बोलणं त्याच्यानंतर सुरू व्हायचं. 'बसा दाजी' म्हणून तू गाडीच्या हप्त्याचं काढायचास, पोरीच्या शाळेचं काढायचास. त्यानंतर काय होतं? 'मला न्या' होतं का?

मी सरळ विचारलं, "वसंता, मुंबईला जायचं का?" आवाज नाही. तुझे डोळे उघडेच. सुमन म्हणाली, बघा, नाही म्हणतोय. मला खात्री करायची होती. मी विचारलं, "ही मंदाच आहे ना?" त्यालाही आवाज नाही. म्हणजे आधीच्या न वाजण्यालाही अर्थ नव्हता. पापणी मिटून धरायची ताकद संपली होती, की घामाने चष्मा सरकला होता, की तू मला कंटाळला होतास, मला सांगता येणार नाही. मी चष्मा पुसून पुन्हा बसवला. मंदा आणि सुमन माझ्याकडे बघत होत्या.

मी खुर्ची ओढली आणि बसलो. 'बसा' असेल तर ऐकलं असं झालं, 'बस' असेल तरी ऐकलं असं झालं. एवढाच एक मार्ग दोन्हींत बसत होता. थोड्या वेळाने बाहेरचं इंजिन बंद झालं, आणखी थोड्या वेळाने ते सुरू होऊन लांब गेलं. ते लांब जात असताना तुझे डोळे दाराकडे वळले असं मला वाटलं. मला वाटलं, एवढंच मी म्हणू शकतो. वळले असतील तर सुटलो म्हणून की राहिलो म्हणून, ते मी पुन्हा पुन्हा मनात घोळवतो.

सुमन पोरांना आणायला शाळेत गेली. मंदा आत पेज ढवळत होती. मी तुझ्याशी बोलत बसलो, पण या वेळी भाषण नव्हतं. तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली, की तुझ्या बहिणीला बघायला आलो तेव्हा मला पोह्यांत खडा लागला होता आणि तो मी गिळला होता. तू ऐकत होतास. डोळे उघडे, माझ्यावर. बराच वेळ मी बोलत होतो. मग माझ्या लक्षात आलं की छातीतली घरघर थांबली आहे.

रातकिडा वाजला नव्हता. ज्या आवाजाला आम्ही इतके महिने घाबरलो तो झालाच नाही, कारण तू डोळे उघडे ठेवूनच गेलास. मी विचार न करता हात पुढे केला आणि तुझ्या पापण्या खाली ओढल्या. अडीच सेकंदांनी तो वाजायला लागला.

मंदा आतून म्हणाली, "आले, आले रे."

आवाज बंद करायला उपटायची ती चष्म्याची तार मला सापडेना. मी डबी मुठीत दाबून धरली, ती मुठीत किरकिरत राहिली, आणि मंदा पेजेची वाटी घेऊन दारात उभी.

परवा तो अँब्युलन्सचा ड्रायव्हर आला. चपला बाहेर काढून आत आला, तुझ्या फोटोला हात जोडले आणि मग संकोचाने म्हणाला, "साहेब, त्या दिवसाचं राहिलं हाय. मुंबईचे साडेचारशे ठरले व्हते, पन आपण गेलोच नाय. डिझेल आन थांबलो त्याचं मिळून दीडशे द्या."

मी पैसे दिले. त्याने मालकाला दाखवायचं पावतीपुस्तक काढलं, मांडीवर ठेवलं आणि पेन उघडलं. "पेशंट कुठून उचलला, कुठं सोडला, ते लिवावं लागतं. काय लिवू?"

मी मंदाकडे पाहिलं. मग सुमनकडे. या वेळीसुद्धा मलाच सांगायचं होतं.

"बदलापूर ते बदलापूर लिहा," मी म्हटलं.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तसं लिहिलं. रुपये एकशे पन्नास, रोख, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला.